क्लाउड सॉफ्टवेअरची अचानक येणारी अपडेट्स तुमच्या ऑफिसात कोण आणि कसं सांभाळतं?

रानजाई
नमस्कार मंडळी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आयटी बघते. ऑफिस आणि शॉप फ्लोअर मिळून साडेतीनशेच्या आसपास लोक, आणि आयटीत आम्ही दोघं. मेल आणि ऑफिस मायक्रोसॉफ्ट ३६५ वर, बिलिंग-स्टॉक-डिस्पॅच सगळं एका क्लाउड ईआरपीवर, म्हणजे कंपनीचे व्यवहार सांभाळणाऱ्या ऑनलाइन सॉफ्टवेअरवर. त्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हे दुखणं एका व्हेंडरपुरतं नाहीये.

मागच्या महिन्यात ११ तारखेला, म्हणजे जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरायच्या शेवटच्या दिवशी, सकाळी ईआरपी उघडलं तर बिलाची स्क्रीनच बदललेली. ई-इनव्हॉइसचं बटण प्रत्येक बिलाच्या ओळीत समोर दिसायचं, ते उजवीकडच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत आत गेलेलं. डिस्पॅचचे काका वर्षानुवर्षं तेच बटण दाबतायत, ते दिसेना म्हटल्यावर त्यांना वाटलं आपले अधिकारच काढून घेतले. गेटवर माल भरून गाड्या उभ्या, आयआरएन (ई-इनव्हॉइसचा सरकारी नंबर) नाही म्हणून बिल नाही, बिल नाही म्हणून ई-वे बिल (माल नेताना लागणारं ऑनलाइन कागदपत्र) नाही, आणि ड्रायव्हर फोनवर फोन करतायत. ते एक वेळ अर्ध्या तासात निस्तरलं.

खरा घोळ पुढेच होता. अकाउंट्सवाले रिटर्नसाठी बिलांचा जो एक्सेल एक्सपोर्ट घेतात त्यात एचएसएनच्या (मालाच्या कोडच्या) शेजारी एक नवा कॉलम आला होता, त्यामुळे पुढचे सगळे कॉलम एक घर सरकले आणि आमचं मॅक्रो (एक्सेलमधला आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) करपात्र रकमेच्या जागी भलताच आकडा उचलायला लागलं. अकाउंट्समधल्या एका ताईंनी एकूण बेरीज लेजरशी ताडून बघितली म्हणून पकडलं गेलं, नाहीतर तसंच पोर्टलवर चढलं असतं.

व्हेंडरला फोन केला तर उत्तर, "मॅडम, रिलीज नोट्समध्ये दिलंय." रिलीज नोट्स, म्हणजे काय बदललं याची यादी, त्यांच्या साइटवर, आदल्या रात्री टाकलेल्या, लांबलचक पान, आणि एक्सपोर्टचा उल्लेख पार तळाशी एका ओळीत.

मला व्हेंडरशी भांडण काढायचं नाही, पद्धत बसवायची आहे. बातमी आधी कशी मिळवता, नवीन गोष्ट आधी कोणाला द्यायची हे तुमच्या हातात असतं का, आणि लोकांना कसं सांगता? आमच्या साहेबांचं म्हणणं "अपडेटच बंद करून टाक". ते का होत नाही हे त्यांना पटेल असं कसं सांगू तेही सुचवा.

जुनाजाणता
अगदी ओळखीचं दुखणं. सर्व्हर आपल्या खोलीत होता तेव्हा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) कधी मारायचा ते आपण ठरवायचो, ३१ मार्चच्या आसपास कोणी हात लावायचा नाही असा नियमच होता. क्लाउडवर गेल्यावर घर आपलं राहिलं पण किल्ली दुसऱ्याकडे गेली. माझं मत आजही हेच, की बिलिंगसारखी गोष्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावी.

कळंबोलीकर
@जुनाजाणता, मत समजतं पण आता त्याला फार अर्थ उरला नाही. स्वतःचा सर्व्हर ठेवला तरी पॅच मारावाच लागतो, आणि महिनोन्महिने न मारलेल्या सर्व्हरमधूनच रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) शिरतं. शिवाय जीएसटीचं पोर्टल तर तुमच्या सर्व्हरवर नाही ना. ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिलाला टू फॅक्टर (पासवर्डबरोबर ओटीपीही) सक्तीचं झालं ते टप्प्याटप्प्याने झालं, २० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ जानेवारी २०२५ पासून, ५ कोटींच्या वरच्यांना १ फेब्रुवारीपासून आणि बाकी सगळ्यांना १ एप्रिलपासून. आधी जाहीर झालेलं होतं, तरी कित्येक ठिकाणी ऐन दिवशी ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येणार यावरून धावपळ झाली, कारण नोंदवलेला नंबर सोडून गेलेल्या माणसाचा होता. सर्व्हर कुठे आहे याने इथे काय फरक पडला असता?

@रानजाई, साहेबांना असं सांगा. अपडेटचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि तिघांना एकच उत्तर नाही.

पहिला प्रकार, तुमच्या मशीनवर बसलेलं सॉफ्टवेअर जे क्लाउडवरून अपडेट होतं, वर्ड-एक्सेल, क्रोम, विंडोज वगैरे. यात तुमच्या हातात बरंच आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिसचे चॅनल असतात, म्हणजे अपडेट किती लवकर घ्यायचं याचे पर्याय. करंट चॅनलवर नवीन गोष्ट तयार झाली की लगेच येते. मंथली एंटरप्राइझवर महिन्यातून एकदा, दुसऱ्या मंगळवारी. सेमी-अ‍ॅन्युअलवर नवीन फीचर्स जानेवारीत आणि जुलैत, सिक्युरिटीचे पॅच मात्र दर महिन्याला. साडेतीनशे लोकांची कंपनी करंटवर ठेवायचं काही कारण नाही, सगळ्यांना मंथली एंटरप्राइझवर टाका आणि आठ-दहा लोक करंटवर ठेवा. तो दुसरा मंगळवार अमेरिकेतला, पॅच तिथे सकाळी दहाला सुटतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकरा. बुधवारी सकाळी लोक मशीन चालू करतात तेव्हा अंगावर येतं. म्हणून आमच्याकडे त्या बुधवारी आयटीत कोणालाही रजा नाही. क्रोमची नवीन आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते, एक्स्टेंडेड स्टेबल घेतलं तर आठ आठवड्यांनी, सिक्युरिटीचे पॅच मधे येतच राहतात.

दुसरा प्रकार, ब्राउझरमध्ये चालणारं. टीम्स, शेअरपॉइंट, आउटलुकचं वेब रूप, जीमेल, तुमचं ईआरपी. हे त्यांच्या सर्व्हरवर बदलतं, तिथे चॅनल नाही. पण मायक्रोसॉफ्टमध्ये टार्गेटेड रिलीज म्हणून सेटिंग आहे, निवडक लोकांना नवीन गोष्ट आधी दिसते. गूगल वर्कस्पेसमध्ये रॅपिड आणि शेड्यूल्ड असे दोन ट्रॅक आहेत, शेड्यूल्डवर फीचर्स साधारण एक-दोन आठवडे उशिरा येतात. थांबत काहीच नाही, पण बघायला वेळ मिळतो.

तिसरा प्रकार सर्वात वाईट. न दिसणारं अपडेट, सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या व्याख्या, कॉन्फिगरेशन, असलं काही. त्याबद्दल @पॅचपाटील लिहितील, त्यांनी ते भोगलंय.

पॅचपाटील
लिहितो. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या एका अपडेटने जगभर मशीन बंद पडली ते प्रकरण सगळ्यांना बातम्यांतून माहीत आहे, विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वगैरे. पण या धाग्यासाठी त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे.

आमच्या आणि इतर अनेक कंपन्यांनी शिस्तीत धोरण लावलेलं होतं की सेन्सरची (मशीनवर बसणाऱ्या त्यांच्या प्रोग्रॅमची) एकदम नवी आवृत्ती घ्यायची नाही, एक किंवा दोन आवृत्त्या मागे राहायचं. आणि तरीही मशीन निळ्या पडद्यावर गेली. का, तर त्या दिवशी जे आलं ते सेन्सरची आवृत्ती नव्हतीच, ती चॅनल फाइल २९१ नावाची कंटेंट फाइल (धोके ओळखायची माहिती) होती, आणि आवृत्ती मागे ठेवायचं धोरण कंटेंट फाइलींना लागूच नव्हतं. ती सगळ्यांना एकाच वेळी गेली. सेन्सरचा कोड २० रकाने देत होता आणि नवीन कंटेंट २१ वा रकाना मागत होतं, तो वाचायला गेलं आणि कर्नलमध्येच, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातच, कोसळलं. आपल्या वेळेनुसार सकाळी ९:३९ ला सुटली, १०:५७ ला मागे घेतली. एवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन बसली, आणि तेही सगळ्या विंडोज मशीनच्या एक टक्क्याहून कमी. वेळ बघा, भारतात नुकतंच ऑफिस सुरू होऊन सगळ्यांची मशीन चालू झालेली.

फाइल मागे घेतली तरी कोसळलेलं मशीन ती घ्यायला चालूच होत नव्हतं. प्रत्येक मशीनसमोर जाऊन सेफ मोड, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधून ती फाइल उडवायची, पुन्हा चालू करायचं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की टाकायची, आणि कित्येक ठिकाणी त्या की ज्या सर्व्हरवर ठेवलेल्या तो सर्व्हरसुद्धा निळ्या पडद्यावर. रानजाई, हे आजच्या आज बघा, बिटलॉकरच्या की दुसरीकडे कुठे आहेत का. आमच्याकडे आता त्यांची एक प्रत वेगळ्या सिस्टिमवर आहे, जी आमच्या डोमेनवर अवलंबून नाही.

नंतर क्राउडस्ट्राइकने कंटेंटसुद्धा टप्प्याने घ्यायची सोय ग्राहकांना दिली. पण माझं म्हणणं असं, की तुमच्याकडे जेवढं सॉफ्टवेअर आहे त्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारा, "आम्ही जे थांबवू शकतो त्याच्या बाहेर तुम्ही आमच्या मशीनवर काय काय पाठवता?" बहुतेक सेल्सवाल्यांना उत्तर येत नाही, मग टेक्निकल माणूस लाइनवर येतो, आणि तेव्हा खरं कळतं.

मोगरा_सातारा
वाचतेय. आमच्या शाळेच्या संस्थेत आयटी म्हणजे मीच, त्यामुळे साडेतीनशे लोकांना दोन माणसं हेही मला चैन वाटतंय :) १३ जानेवारी २०२३ आठवतं का कोणाला? डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसच्या एका नियमाच्या अपडेटमुळे स्टार्ट मेनू आणि टास्कबारवरचे शॉर्टकटच उडाले होते. प्रोग्रॅम जागेवर, फक्त चिन्हं गायब, आणि लोक म्हणतायत एक्सेल डिलीट झालं. शिक्षकांना समजावता समजावता संध्याकाळ झाली.

डब्लिनकर
मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, क्लाउड सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत रिलीजचं काम बघतो. थोडं आतलं सांगतो म्हणजे व्हेंडरशी बोलताना उपयोग होईल.

आम्ही दिवसातून अनेक वेळा कोड वर टाकतो. तुम्हाला ते दिसत नाही कारण नवीन गोष्ट फ्लॅग (चालू-बंद करायची कळ) बंद ठेवून जाते. मग फ्लॅग एक टक्का ग्राहकांना उघडायचा, आकडे बघायचे, मग दहा टक्के, मग सगळे. म्हणून एकाच ऑफिसात शेजारी बसलेल्या दोघांना वेगळी स्क्रीन दिसू शकते, आणि हेल्पडेस्कवाला म्हणतो माझ्याकडे तर नीट दिसतंय. आणि शिस्त मोठ्यांकडूनही सुटते. १२ जून २०२५ ला गूगल क्लाउड जगभर काही तास बसलं होतं, त्यांनीच नंतर लिहिलं की नवीन कोडला फ्लॅगचं संरक्षण नव्हतं, रिकामे रकाने असलेली एक पॉलिसी आत गेली, काही सेकंदांत सगळ्या रीजनमध्ये पसरली आणि तो कोड कोसळत गेला.

आता रानजाई यांच्या प्रसंगाबद्दल. बटण हलवणं आणि एक्सपोर्टचा कॉलम बदलणं या दोन गोष्टी आमच्या धंद्यात सारख्या नाहीत. बटणाला आम्ही दिसण्यातला बदल म्हणतो, त्याची सूचना दिली तर बरं. एक्सपोर्ट किंवा एपीआय (दुसरं सॉफ्टवेअर जोडायची सोय) बदलला तर तो ब्रेकिंग चेंज, म्हणजे त्यावर ग्राहकाचं काही चालू असेल तर ते मोडणार हे गृहीत धरायचं. त्याला जुनी आवृत्ती काही महिने चालू ठेवून नवी वेगळी द्यायची असते. तुमच्या व्हेंडरने मधे कॉलम घुसवला ही त्यांची स्पष्ट चूक आहे, नम्रपणे पण लेखी सांगा. नवीन कॉलम शेवटी जोडायचा, एवढी साधी गोष्ट आहे.

व्हेंडरकडे काय मागायचं: एक चाचणी खातं, ज्यात नवीन आवृत्ती निदान आठवडाभर आधी येईल. सेल्सफोर्स या क्लाउड सॉफ्टवेअरचे वर्षात तीन मोठे रिलीज असतात आणि प्रत्येकाआधी काही आठवडे प्रिव्ह्यू सँडबॉक्स (नवी आवृत्ती आधी बघायचं चाचणी खातं) मिळतो, त्यामुळे "असं कोणी देत नाही" हे उत्तर ऐकून घेऊ नका. दुसरं, उशिराच्या गटात टाकायला सांगा. आमच्याकडे असे गट असतातच, फक्त मागणाऱ्यालाच मिळतात. तिसरं, देखभालीची वेळ तुमच्या कामाप्रमाणे आहे का ते बघा.

रानजाई
@डब्लिनकर, तिसऱ्या मुद्द्याने डोकंच हललं. आमच्याकडे एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. व्हेंडरचं "वीकेंड मेंटेनन्स" शनिवार रात्र ते रविवार दुपार. रविवारी आमची पूर्ण शिफ्ट चालू असते! इतकी वर्षं रविवारी सिस्टिम स्लो का होते म्हणून आम्ही इंटरनेटवाल्याला बोल लावत होतो. उद्याच मेल टाकते.

अकाउंट्सवाली
मी आयटीची नाही, ठाण्यात एका कंपनीत अकाउंट्स बघते, पण हा धागा वाचून राहवलं नाही. आयटीवाल्यांना वाटतं आम्ही बदलाला नाकं मुरडतो. तसं नाहीये हो. आमचं कॅलेंडर एकदा भिंतीवर लावून बघा. ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी (कर भरायचं रिटर्न), महिनाअखेर पगार आणि क्लोजिंग. मधे श्वास घ्यायला १२ ते १७ एवढेच दिवस. त्या दिवसांत बटण हलवा, स्क्रीन उलटी करा, आम्ही शिकून घेऊ. १० तारखेच्या रात्री हलवलंत तर शिकायचं कधी आणि भरायचं कधी?

आणि सांगायची पद्धत. आमच्याकडे आयटीकडून मेल यायचा, "कृपया पुढील लिंकवरील रिलीज नोट्स वाचाव्यात". कोणी वाचत नाही, मीही वाचत नाही. आता नवीन मुलगा आलाय तो आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नव्या स्क्रीनचा फोटो टाकतो, त्यावर लाल गोल, आणि खाली मराठीत एक ओळ, "सेव्ह बटण उद्यापासून इथे." संपलं. त्या एका फोटोने त्याचे फोन निम्मे झाले असं तोच सांगतो.

अजून एक. पायलट गटात, म्हणजे नवीन गोष्ट आधी वापरून बघणाऱ्यांत, आयटीची माणसं आणि मॅनेजर घेऊ नका. मॅनेजर महिन्यातून दोनदा रिपोर्ट बघायला सिस्टिम उघडतो, त्याला काय कळणार कॉलम सरकला ते. जो माणूस दिवसभर बिलं मारतो त्याला घ्या, आणि त्याने काही सापडवलं तर सगळ्यांसमोर त्याचं नाव घ्या.

कळंबोलीकर
@अकाउंट्सवाली, +१००. पायलटमध्ये कोणाला घ्यायचं हे मी कित्येक ट्रेनिंगमध्ये ऐकलंय पण इतकं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं.

जुनाजाणता
मीही थोडा मागे येतो. सर्व्हर घरी आणा हे आता सांगणार नाही, पण करार करताना हे सगळं कोण बघतं? खरेदी विभाग दर बघतो, आयटी फीचर बघतं, बदलाची सूचना किती दिवस आधी द्यायची हा मुद्दाच कागदावर नसतो.

कृष्णाकाठ
बँकेत आहे म्हणून या मुद्द्यावर लिहितो. रिझर्व्ह बँकेचे आयटी आउटसोर्सिंगचे निर्देश १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले, मोठ्या नागरी सहकारी बँकांनाही लागू आहेत, क्लाउडही त्यात येतं, आणि त्याचा गाभा असा की काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बँकेचीच. त्यामुळे आमच्याकडे करारात लेखी असतं, नियोजित बदलाची सूचना किती दिवस आधी, तातडीच्या सिक्युरिटी बदलाची सूचना किती तासांत, मागे घ्यायचं ठरलं तर कोणी आणि किती वेळात, आणि कोणत्या तारखांना काहीही हलवायचं नाही. कारखान्याला हे निर्देश लागू नाहीत, पण कलमं उचलायला कोणाची परवानगी लागत नाही. नूतनीकरणाच्या वेळी मागा, तेव्हा व्हेंडर ऐकतो. मधेच मागितलं तर नुसतं "नोंद घेतली" म्हणतात.

एक सावधगिरी मात्र. गोठवायच्या तारखांत सिक्युरिटी पॅच अडकवू नका. आमच्याकडे त्याला वेगळी वाट आहे, तिघांपैकी दोघांनी होकार दिला की त्याच दिवशी जातो. सगळंच अडवून ठेवणारी पद्धत पहिल्या महिन्यात छान वाटते, मग लोक आडवाटा काढतात.

मोगरा_सातारा
एक प्रश्न, बातमी मिळवायचं अजून कोणी नीट सांगितलं नाही. मायक्रोसॉफ्टच्या मेसेज सेंटरवर (येणाऱ्या बदलांच्या सूचनांच्या पानावर) इतकं येतं की वाचून होत नाही. एकटीने काय करावं?

पॅचपाटील
सगळं वाचू नका. मेसेज सेंटरच्या प्रेफरन्सेसमध्ये तुम्ही वापरत नाही त्या सेवा काढून टाका, आठवड्याचा डायजेस्ट मेलवर चालू करा, आणि "मेजर अपडेट" किंवा कृती करायची तारीख असलेलंच उघडा. ज्यात तुम्हाला काही करावं लागतं त्याची सूचना साधारण ३० दिवस आधी येते. मी सोमवारी सकाळी पाऊण तास फक्त याला देतो आणि एका शीटमध्ये उतरवतो: काय बदलणार, कधी, कोणाच्या कामाला लागतं, कोणाला सांगितलं. शेवटचा रकाना महत्त्वाचा. मायक्रोसॉफ्टच्या मेलमधलं बेसिक ऑथेंटिकेशन (नुसत्या नाव-पासवर्डने लॉगिन) १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद होणार हे तीन वर्षं आधीपासून सांगत होते, तरी जुन्या मेल क्लायंटवाल्या लोकांचे मेल बंद पडलेच, कारण बातमी आयटीपर्यंत पोचली होती, ज्याच्या टेबलावर ते मशीन होतं त्याच्यापर्यंत नाही.

आणि तुम्ही एकट्या आहात तर ही शीट शेजारच्या संस्थांच्या आयटीवाल्यांबरोबर सामायिक ठेवा. आमचा तसा ग्रुप आहे, कोणाकडे काही मोडलं की पहिला मेसेज तिथे पडतो, व्हेंडरच्या स्टेटस पानावर ते यायच्या कितीतरी आधी.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल साहेबांसमोर बसले. "अपडेट बंद" हा विषय पॅचपाटलांच्या चॅनल फाइलच्या उदाहरणावर संपला, ते स्वतःच म्हणाले की मग कोणाला आधी द्यायचं ते तरी आपण ठरवू. डिस्पॅचचे काका, अकाउंट्सच्या त्या ताई, स्टोअर्समधला एक आणि क्वालिटीमधली एक असा गट ठरला, काकांनी आधी नाही म्हटलं आणि मग स्वतःहून विचारायला आले की चाचणीचं खातं कधी उघडणार. व्हेंडरने मेंटेनन्स गुरुवारी करायला होकार दिलाय, उशिराच्या गटाचं "बघतो" म्हणाले. करार डिसेंबरात नवा होतोय, कृष्णाकाठ यांची कलमं तेव्हा मांडणार.

राहिलं ते एक्सपोर्टचं. व्हेंडर म्हणतो जुना फॉर्मॅट आता परत मिळणार नाही. मॅक्रो पुन्हा लिहायचं तर पुढच्या वेळी परत तेच होऊ नये म्हणून काय करावं?

कळंबोलीकर
मॅक्रोमध्ये कॉलम अक्षराने किंवा नंबराने घेऊ नका, पहिल्या ओळीतल्या शीर्षकाने शोधा, म्हणजे मधे कितीही कॉलम घुसले तरी फरक पडत नाही. तुम्हाला लागणारी शीर्षकं एका वेगळ्या शीटवर लिहून ठेवा, मॅक्रोने सगळ्यात आधी ती सगळी सापडतायत का ते बघायचं, एक जरी सापडलं नाही तर तिथेच थांबायचं आणि कुठलं सापडलं नाही ते स्क्रीनवर सांगायचं. आणि त्या ताईंनी हाताने केलं ते शेवटी आपोआप करा: करपात्र रकमेची बेरीज लेजरच्या बेरजेशी जुळली तरच फाइल सेव्ह होऊ द्या. कोड हवा असेल तर व्यनि (वैयक्तिक निरोप) करा, आमच्याकडे चालू आहे तो पाठवतो.